धावत्या गाडीचं टायमिंग

जुन्या इंजिनाचं काम काढलं की आधी यादी होते. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, गाइड, बिगएंडचं बेअरिंग, ऑइल सील, गॅस्केटचा सेट. प्रत्येक नावापुढे किंमत लिहिता येते आणि प्रत्येक वस्तू कुठे ना कुठे मिळतेच. हिंगोलीत नाही मिळाली तर नांदेडला, नांदेडला नाही तर हैदराबादला, तिथेही नाही तर दिल्लीच्या करोल बागेतून कुरिअरने येते. यादीतली शेवटची वस्तू येते, लेथवरून सिलिंडर बोअर होऊन येतो, इंजिन बांधून होतं. आणि गाडी चालत नाही. म्हणजे सुरू होते, आवाज देते, धूरही काढत नाही, पण चालत नाही. अशा वेळी जे बिघडलेलं असतं ते यादीत कधी नव्हतंच. टायमिंग हा पार्ट नाही. ते पिस्टनमध्ये नसतं, प्लगमध्ये नसतं, पॉइंटमध्येही नसतं. या सगळ्यांच्या मेळात असतं. इंजिन खोललं की पार्ट टेबलावर शाबूत राहतात, तुटतो तो मेळ.

माझ्याकडची बुलेट वडिलांची, 1978 सालची. ते पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांच्या कडेकडेने त्यांची अर्धी नोकरी या गाडीवर झाली. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती. स्वतंत्र जिल्हा व्हायला 1 मे 1999 उजाडावा लागला. गाडीचं कूळ दूरचं. इंग्लंडातल्या रेडिच गावची ही बनावट 1955 मध्ये मद्रासला आली, तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात रुळली, आणि तिकडची मूळ कंपनी बंद पडल्यावरही इकडे निघत राहिली. 70 मिलिमीटरचा बोअर, 90 मिलिमीटरचा स्ट्रोक, 346 सीसी. एकच उभा सिलिंडर, तोही बिडाचा. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. आजच्या मोटारसायकलींत पेट्रोल-हवेचं मिश्रण नऊ-दहा पट दाबलं जातं, इथे सात पटीच्या आसपास. म्हणजे प्रकृतीने थंड, खाण्याच्या बाबतीत फारशी कटकट न करणारं इंजिन. इतकं सोसणारं इंजिन रुसलं की मग कारणही तसंच आडवाटेचं असतं.

वडील गेल्यावर गाडी बरीच वर्षं शेडमध्ये पोत्याखाली उभी होती. तिला पुन्हा उभं करायचं ठरवलं तेव्हा इंजिन पूर्ण खोलावं लागलं. काम चांगलं झालं, त्याबद्दल आजही माझी काही तक्रार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या किकला गाडी सुरू व्हायची. स्लोला सोडली तर असा ठेका धरायची की गल्लीतली जुनी माणसं ओट्यावर येऊन उभी राहायची. पण रस्त्यावर काढली की चाळिसाच्या पुढे काटा ढकलावा लागायचा. चढ लागला की जीव जायचा. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटाका. इंजिन इतकं तापायचं की मे महिन्याच्या हिंगोलीतही त्याची धग वेगळी कळायची. आणि सिलिंडरमधून निघणारा नवाकोरा क्रोम केलेला बेंड पाइप बघता बघता निळा पडला.

रस्त्याच्या कडेला बुलेट लावून तिच्याकडे वाकून बघत उभं राहिलं, तर डॉक्टर जमायला वेळ लागत नाही. एक जण म्हणाला, कार्बोरेटरचा जेट मोठा टाका. दुसरा म्हणाला, टॅपेट टाइट आहेत. तिसऱ्याने धीर दिला, नवीन पिस्टन आहे, हजारभर किलोमीटर पळू द्या, आपोआप मोकळं होईल. आणि ज्याला काहीच सुचलं नाही त्याने पेट्रोलला शिवी दिली. हल्ली प्रत्येक आजारावर इथेनॉल हे एकच निदान आहे. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील खराब होतात, टाकीत पाणी धरलं जातं, हे खरं. पण इथेनॉल फक्त चढावर जागा होतो आणि स्लोला झोपी जातो, असं कसं होईल? जो दोष वेग वाढला की वाढतो आणि वेग कमी झाला की नाहीसा होतो, त्याचं कारण वेगाबरोबर बदलणाऱ्या गोष्टीतच शोधावं लागतं.

पेट्रोल, दाब आणि करंट या तीन गोष्टी असल्या की इंजिन चालतं, असं प्रत्येक गॅरेजातल्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. तिन्ही आमच्याकडे होत्या. प्लग काढून हेडला टेकवला तर निळी, जाड ठिणगी कडकडत पडायची. किकवर उभं राहिलं तर कॉम्प्रेशन अंगाचं वजन तोलून धरायचं. पेट्रोल तर नाकालाच कळत होतं. प्रश्न ठिणगी पडते की नाही, हा नव्हता. केव्हा पडते, हा होता.

ठिणगी पडली की स्फोट होतो असं आपण सहज म्हणतो, पण निरोगी इंजिनात स्फोट होत नाही. मिश्रण पेटतं, आणि पेटायला वेळ लागतो. प्लगपासून निघालेली ज्वाळा सिलिंडरच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत जायला दोनएक मिलिसेकंद घेते. सगळ्यात जास्त दाब पिस्टन माथ्यावरून नुकताच खाली निघालेला असताना यायला हवा, म्हणजे तो दाब पिस्टनला जोरात खाली ढकलतो. म्हणून ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या आधीच पडावी लागते. वडिलांच्या धंद्यात हीच गोष्ट रोज होती. कालव्याच्या शेवटच्या चारीवरचा शेतकरी खोरं घेऊन बांधावर उभा राहिला, तेव्हा गेट उघडून उपयोग नसतो. पाणी कालव्यातून चालत यायला वेळ घेतं. ज्याची पाळी उद्या, त्याच्यासाठी गेट आज उचलावं लागतं. वेळेवर पोचायचं तर वेळेच्या आधी निघायचं, आणि किती आधी, हे अंतर ठरवतं.

इंजिनात मात्र ते वेग ठरवतो. अडाणी हिशोब करून बघा. मिनिटाला 1000 फेरे असताना क्रँकचा एक फेरा 60 मिलिसेकंदांत होतो, म्हणजे एका मिलिसेकंदात 6 अंश. माथ्याच्या 10 अंश आधी ठिणगी पडली, तर ज्वाळेला 1.67 मिलिसेकंद मिळतात. फेरे 3000 झाले की एका मिलिसेकंदात क्रँक 18 अंश फिरतो. आता तेच 10 अंश ठेवले तर ज्वाळेच्या वाट्याला अर्ध्या मिलिसेकंदाहून जेमतेम जास्त वेळ उरतो. तेवढाच 1.67 मिलिसेकंदांचा अवधी द्यायचा, तर ठिणगी 30 अंश आधी पाडायला हवी. वेग वाढला की सिलिंडरमधली घुसळण वाढते आणि ज्वाळाही थोडी चपळ होते, त्यामुळे खरा हिशोब इतका सरळ नाही. पण दिशा हीच. गाडी जितकी पळते, तितकी ठिणगी पुढे सरकावी लागते. मिस्त्री लोक याला ॲडव्हान्स म्हणतात.

ती पुढे कशी सरकवायची, यावर माणसाने बराच काळ खर्च केला. डाइमलर आणि मायबाख यांनी 1885 मध्ये पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी केली, तिच्यात ठिणगीच नव्हती. बाहेरून ज्योतीने लाल तापवलेली एक नळी सिलिंडरला जोडलेली होती. दाबलेलं मिश्रण त्या नळीत शिरलं की पेटायचं. ते केव्हा पेटणार, यावर चालवणाऱ्याचा काहीच ताबा नव्हता. 1902 मध्ये बॉश कंपनीच्या होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो केला, आणि ठिणगी नेमक्या क्षणी पाडता येऊ लागली. 1910 च्या सुमारास अमेरिकेत केटरिंग याने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जुळणी बसवली. आमच्या बुलेटमध्ये आहे ती तीच. त्या काळच्या मोटारसायकलींच्या हँडलवर ॲडव्हान्सची वेगळी दांडी असायची. किक मारताना ती मागे ओढायची, गाडीने वेग धरला की पुढे, चढ आला की पुन्हा थोडी मागे. ठिणगीची वेळ चालवणाऱ्याच्या अंगठ्यात असायची. ज्याला इंजिनाचा आवाज कळत नाही त्याला गाडी चालवता यायची नाही, आणि चुकून दांडी पुढे ठेवून किक मारली तर घोटा जायचा. पुढे हे काम दोन लोखंडी वजनांकडे गेलं. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणारी कॅम थोडी पुढे फिरवतात. वेग उतरला की दोन बारीक स्प्रिंगा त्यांना आत ओढतात. आज जे काम चिप करते, ते बुलेटमध्ये हा ॲडव्हान्सचा तुकडा करायचा. तो पॉइंटच्या प्लेटखाली बसतो आणि प्लेट उचलल्याशिवाय दिसत नाही.

शेवटी गाडी ज्यांच्याकडे नेली ते चाचा वयाने सत्तरीच्या घरातले. एके काळी अर्ध्या जिल्ह्याच्या बुलेट त्यांच्या हाताखालून गेलेल्या. आता दुकान मुलगा बघतो, तिथे स्कॅनर आहे, लॅपटॉप आहे. चाचा दुकानाच्या बाजूच्या निंबाखाली खुर्ची टाकून बसतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग पोराला हाक मारून फीलर गेज मागितला आणि मला म्हणाले, "गाडी मेन स्टँडला लावा भाऊ. प्लग काढा. चौथा गिअर टाका."

प्लग काढल्यामुळे दाब निघून गेला. टॉप गिअरमध्ये मागचं चाक हाताने फिरवलं की इंजिन हळूहळू फिरतं, केसाएवढंही फिरवता येतं. त्यांनी आधी टायमिंगला हात लावला नाही. आधी पॉइंटचा गॅप बघितला. कॅमच्या सगळ्यात उंच जागेवर 0.35 ते 0.40 मिलिमीटर. क्रम हाच, त्यात उलटापालट चालत नाही. कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी पुढे जाते. गॅप कमी झाला की उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. आधी टायमिंग लावून मग गॅप नीट केला, तर लावलेलं टायमिंग पुन्हा गेलं. पॉइंटच्या तोंडावर झिरो नंबरचा पॉलिश पेपर एकदा फिरवला, कोरड्या कापडाने पुसलं, कंडेन्सरची वायर हलवून पाहिली.

मग पिस्टन. त्या काळच्या बुलेटला ठिणगी माथ्याच्या 0.8 मिलिमीटर आधी पडायला हवी असते. आठ दशांश मिलिमीटर म्हणजे क्रँकचे साधारण 10 अंश. माथ्याजवळ पिस्टन इतका आळसावतो की क्रँक बराच फिरला तरी तो जागचा हलत नाही. तिथे एका अंशाला मिलिमीटरचा जेमतेम सहावा भाग येतो. म्हणून नुसत्या डोळ्याने माथा सापडत नाही. शिवाय बुलेटचा प्लग तिरका बसतो, त्यामुळे पिस्टनची हालचाल बघायला प्लगच्या भोकातून घातलेला स्पोकही तिरका जातो. चाचांनी डाव्या बाजूचं चेनकेस उघडून ठेवायला लावलं होतं. स्पोकवर हॅक्सॉ ब्लेडने एक खाच केली. पिस्टन वर येताना खाच प्लगच्या भोकाच्या काठाला लागली, तेव्हा ऑल्टरनेटरच्या रोटरवर पेनाने एक रेघ. पिस्टन माथा ओलांडून उतरताना खाच पुन्हा तिथेच आली, तेव्हा दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मधोमध माथा. जिथे काहीच हलत नाही ती जागा शोधायची, तर जिथे हालचाल स्पष्ट दिसते अशा दोन जागा घ्यायच्या आणि मध्य काढायचा. ही अक्कल कुठल्या पुस्तकातून त्यांच्याकडे आली असेल, असं वाटत नाही.

ठिणगी केव्हा पडते हे बघायला त्यांनी बल्ब लावला नाही, मीटर लावलं नाही. चावी फिरवून हेडलाइटच्या वरच्या ॲमीटरकडे बोट केलं. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइल बॅटरीतून करंट खाते आणि काटा उणे बाजूला झुकतो. पॉइंट उघडले की काटा उडी मारून मध्यावर येतो. ठिणगी नेमकी त्याच क्षणी, पॉइंट सुटताना पडते. मी चाक पुढच्या दिशेने रेटत होतो. मागे घ्यायचं नाही, असा दम आधीच मिळाला होता. मागे घेतलं की गिअरच्या दात्यांमधली ढील मधे येते आणि माप खोटं ठरतं. काटा उणेला होता. चाक बोटभर सरकलं. काटा उडाला. रोटरवर माथ्याची खूण अजून तेवढीच अलीकडे होती, जेवढी असायला हवी. पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. एका कागदाच्या चिटोऱ्यानेही खात्री करून झाली: पॉइंटच्या मधे धरलेला पातळ कागद नेमक्या त्याच ठिकाणी सुटून हातात आला.

ॲमीटरचा हा उपयोग मला नवा नव्हता. वडिलांनी किक शिकवली ती त्याच काट्यावर. किक हळूच दाबायची, काटा मध्यावर आला की थांबायचं, डिकॉम्प्रेशनची दांडी ओढून पिस्टन अलगद माथ्यापलीकडे न्यायचा, दांडी सोडायची आणि मग पूर्ण किक. शेतातल्या माणसाला हे सांगावं लागत नसे. विहिरीवरचं किर्लोस्कर इंजिन हँडल मारून चालू करतानाही आधी डिकॉम्प्रेशन उचलतात, चाकाने वेग धरला की खाली टाकतात. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, तिथे टायमिंग म्हणजे पिचकारीतून डिझेल उडण्याची वेळ. पण दाबाशी झगडायचं नाही, त्याला आधी चुकवायचं आणि मग वापरायचं, हे दोन्हीकडे सारखंच.

तर टायमिंग बरोबर होतं. गॅप बरोबर, माथा बरोबर, ठिणगी बरोबर. माझा चेहरा पडला असणार. चाचांनी चहा सांगितला आणि म्हणाले, "उभी हाय तवर समदं बरोबर हाय. उभ्या गाडीला कोन इचारतंय? औंढ्याकडं एक चक्कर मारून या. चढाला तिसऱ्यात ठेवा, चौथा टाकू नका. आल्यावर इंजिन बंद करू नका."

हिंगोलीहून औंढा नागनाथच्या वाटेवर सपाटी संपून डोंगरटेकाडं सुरू होतात. गाडीची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा आमच्याकडे नाही. तिसऱ्या गिअरमध्ये, थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडून चढ धरला. गाडी ओरडत होती, पण ओढत नव्हती. पायाच्या नडगीला पाइपची आच लागत होती. वरच्या सपाटीवर थ्रॉटल सोडला आणि मागे दोन बार उडाले. जे मिश्रण सिलिंडरमध्ये जळायला हवं होतं, ते एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी जळतच होतं, आणि पिस्टनला ढकलायच्या ऐवजी पाइप भाजत होतं. पाइप निळा का पडला, याचा अर्थ तिथे अंगाला कळला.

याच औंढ्याच्या माळावर, दुधाळ्याजवळ, लायगो-इंडियाची जागा आहे. 2016 च्या फेब्रुवारीत केंद्राने प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली, 2023 च्या एप्रिलमध्ये 2,600 कोटींचा खर्च मंजूर झाला. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू, त्यांतून धावणारा लेसर, आणि अवकाशातून आलेली गुरुत्वीय लहर गेली की त्या बाहूंच्या लांबीत पडणारा प्रोटॉनहूनही बारीक फरक. अशी पहिली लहर 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी टिपली. लिव्हिंग्स्टनला ती आधी पोचली आणि हॅनफर्डला सुमारे 7 मिलिसेकंदांनी नंतर. लहर आकाशाच्या कुठल्या बाजूने आली, याचा अंदाज त्या सात मिलिसेकंदांवरूनच बांधता आला. एकट्या यंत्राला दिशा कळत नाही. दोन यंत्रांच्या वेळेतला फरक ती सांगतो, आणि दूर भारतात आणखी एक यंत्र उभं राहिलं की ती जास्त नेमकी कळेल. माझं इंजिन चढावर मिनिटाला 3000 फेरे घेत असताना त्या सात मिलिसेकंदांत क्रँक 126 अंश फिरतो, एक तृतीयांश फेऱ्याहून थोडा जास्त. एवढ्या अवधीत इकडे ठिणगी पडून, मिश्रण जळून, पिस्टन निम्म्याच्या खाली गेलेला असतो. ज्या माळावर उद्या विश्वातल्या टकरींचा हिशोब मिलिसेकंदांत मांडला जाणार, तिथे मी एका मिलिसेकंदाच्या हिशोबासाठी घामाघूम होऊन उभा होतो. आणि माझीही गत त्या एकट्या यंत्रासारखीच होती. ठिणगी एकटी पाहिली तर निर्दोष, पिस्टन एकटा पाहिला तर निर्दोष. दोघांमधला फरक धावताना कोणी मोजलाच नव्हता.

परत आलो. चाचांनी इंजिन चालू असतानाच थ्रॉटल दोन-तीनदा उघडझाप करून आवाज ऐकला, मग बंद करायला सांगितलं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाच्या दोन क्लिपा काढल्या. आत पॉइंट, मधे कॅमचं चकचकीत डोकं. त्यांनी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ते डोकं धरलं आणि फिरण्याच्या दिशेने पिळलं. हलायला हवं होतं. थोडं पुढे जाऊन, सोडल्याबरोबर स्प्रिंगने चटकन मागे यायला हवं होतं. ते हललं नाही. त्यांनी माझी बोटं तिथे ठेवली. मीही पिळून पाहिलं. दगड.

"बघा," ते म्हणाले. "हे चावलंय."

प्लेट काढल्यावर खाली ती दोन वजनं दिसली, रुपयाच्या नाण्याहून फार मोठी नाहीत. शेडमधल्या वर्षांत जुनं ग्रीस वाळून त्याची तपकिरी खळ झाली होती, खाली गंजाचा थर, आणि कॅम शाफ्टवर पक्की बसली होती. इंजिनाचं काम करताना हा तुकडा बाहेरून पुसून परत बसवला होता. तुटलेला नव्हता, झिजलेला नव्हता, बदलायचं कारणच दिसत नव्हतं. त्यामुळे ठिणगी सदा 10 अंशांवर. स्लोला 10 अंश हेच बरोबर, म्हणून तो ठेका. चढावर तिसाची गरज असतानाही 10, म्हणून ती धग, तो निळा पाइप, ते बार. आणि उभ्या गाडीवर कितीही वेळा मोजलं तरी उत्तर बरोबरच येणार होतं, कारण हा दोष उभ्या गाडीत नव्हताच.

दुरुस्ती सांगण्यासारखी नाही. मधला बोल्ट काढून तुकडा शाफ्टवरून उतरवला, रॉकेलच्या वाटीत बुडवून ठेवला, झिरो नंबरने शाफ्ट हळुवार घासला, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. वजनं बोटाने बाहेर ओढली तर गेली आणि सोडली तर टक्कन आत आली. दोन स्प्रिंगांची ताकद सारखी आहे ना, ते त्यांनी दोन्ही हातांत धरून पाहिलं. एक ढिली असेल तर ॲडव्हान्स वेळेआधीच सुटतो आणि मग उलटा आजार: इंजिन नॉकिंग करतं, किक उलटी मारते, फार दिवस तसंच चालवलं तर पिस्टनला भोक पडतं. परत बसवल्यावर सुरुवातीपासून सगळं पुन्हा. गॅप, माथा, काट्याची उडी, 0.8. पैशाचं विचारलं तर चाचांनी मुलाकडे बोट केलं, आणि मुलगा बिलात काय लिहावं म्हणून घोटाळला. पार्ट तर एकही टाकला नव्हता. शेवटी त्याने मजुरीच्या रकान्यात एक आकडा लिहिला आणि वर्णनाची जागा रिकामी ठेवली.

मुलाच्या दुकानातल्या नव्या गाड्यांना हे काही करावं लागत नाही. त्यांत क्रँकजवळ सेन्सर असतो, थ्रॉटलजवळ सेन्सर असतो, आणि प्रत्येक वेगाला, प्रत्येक ओझ्याला किती अंश हवेत, त्याचा तक्ता चिपमध्ये आधीच भरलेला. चाचा त्याला नावं ठेवत नाहीत. ते म्हणतात, चांगलंच आहे, घोटे वाचले. मलाही जुन्याच्या नावाने गळा काढायचा नाही. पण एक गोष्ट मला त्या निंबाखाली कळली आणि ती गाडीपुरती राहिली नाही. आपण बहुतेक गोष्टी उभ्या असताना तपासतो. कागद बरोबर आहेत का, माणूस मुलाखतीत नीट बोलतो का, योजना फायलीत बसते का. उभ्या स्थितीत बरोबर असणं फार अवघड नसतं, पुष्कळ वेळा ते चावलेल्या कॅमलाही जमतं. खरा प्रश्न असतो तो वेग वाढल्यावर. तिथे काल बरोबर असलेला आकडा आज तसाच धरून बसणं, हीच चूक होते. वडील कालव्याचं वेळापत्रक कागदावर करत, पण गेटवर उभे राहून पाण्याची चाल बघून ते मोडतही असत. तेव्हा आम्हाला तो त्यांचा हट्टीपणा वाटायचा.

गाडी आता चालते. औंढ्याचा चढ तिसऱ्यात न कुरकुरता घेते, बेंड पाइपचा निळा रंग तेवढा राहिला आहे, तो जायचा नाही. पण पॉइंटची जुळणी अशी आहे की ती स्वतःच हळूहळू बिघडत जाते. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते, ती झिजली की गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की ठिणगी मागे सरकते. म्हणजे टायमिंग एकदा लावलं आणि सुटलो, असं कधीच होत नाही. ते लावत राहावं लागतं. फीलर गेज आता माझ्या टूलकिटमध्ये आहे आणि कॅमचं डोकं पिळून बघायची सवयही लागली आहे. हिंगोलीच्या दसऱ्याला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. त्या दिवशी गावातल्या यच्चयावत वाहनांना झेंडूचे हार पडतात आणि धुवून पुसून ती ओळीने उभी राहतात. आमची बुलेटही राहील. मात्र हार घालायच्या आधी टोपण उघडून गॅप बघायचा आहे, आणि नंतर चढावर एक चक्कर मारून यायचं आहे.